लढाईचे नाट्य : भूमिका कोणाला मिळते?

फिलिपिन्समधल्या लेते बेटावर पालो नावाचे गाव आहे. 20 ऑक्टोबर 1944 रोजी अमेरिकन जनरल डग्लस मॅकआर्थर तिथे गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्यावर आला. आज त्या जागी त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे मोठे पुतळे आहेत. स्मृतिदिनाला हा प्रसंग तिथे वठवलाही गेला आहे. युद्धकाळातले गणवेश, नौका आणि पाण्यातून चालत येणारा जनरल. इतिहासातला प्रसंग असा प्रत्यक्ष उभा करण्याला 'रीएनॅक्टमेंट' म्हणतात.

मी वस्त्यांमध्ये काम करते, मुलामुलींना घेऊन पथनाट्ये बसवते. नाटक बसवताना पहिला वाद संवादांवरून होत नाही, भूमिकांवरून होतो. नायक कोण, गर्दीत कोण आणि नाटकात जागाच न मिळालेला कोण? पालोचे सादरीकरण पाहताना माझ्या मनात हाच प्रश्न आला. मुक्तिदाता समुद्रातून येतो, हे दिसते. मग तो येईपर्यंत बेटावर कोण लढत होते?

बाताआनमधल्या फौजेने 9 एप्रिल 1942 रोजी शरणागती पत्करली, कोरेहिदोर 6 मे रोजी पडले. तिथून लेतेच्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ अडीच वर्षे आहेत. या काळात जपानी सत्तेशी झुंज दिली ती गावोगावच्या गनिमी तुकड्यांनी. शरण न गेलेले सैनिक, शेतकरी, कुळे, विद्यार्थी, शिक्षक असे लोक त्यांत होते. लेतेवरच रुपेर्तो कांगलेओन यांच्या नेतृत्वाखालचे गनीम लढत होते. ताक्लोबानची शिक्षिका निएवेस फर्नांडेझ हीसुद्धा एका तुकडीची प्रमुख होती. 1944 मधल्या एका छायाचित्रात ती अमेरिकन सैनिकाला 'बोलो' हा लांब सुरा कसा चालवायचा ते दाखवते आहे. शिकवणारी ती आहे, शिकणारा तो आहे. हा प्रसंग वठवायला ना नौका लागते, ना तोफ.

दुसरे उदाहरण काबानातुआनचे. 30 जानेवारी 1945 च्या रात्री तिथल्या जपानी छावणीतून पाचशेहून अधिक युद्धकैद्यांची सुटका झाली. ही मोहीम अमेरिकन रेंजर्सच्या नावावर ओळखली जाते. पण जपानी कुमक येऊ नये म्हणून काबूचा पूल धरून लढले ते कॅप्टन हुआन पाहोता यांचे गनीम. दुसऱ्या बाजूचा रस्ता एदुआर्दो होसोन यांच्या लोकांनी रोखला. चालता न येणाऱ्या कैद्यांना वाहून नेले ते गावकऱ्यांच्या रेडे जुंपलेल्या गाड्यांनी. तो गाडीवान नाटकातून वगळला, तर कैदी छावणीच्या दारातच अडकून पडतील.

होसेफिना गेरेरोची कथा मला सर्वांत अस्वस्थ करते. तिला कुष्ठरोग होता. पहारेकरी तिच्या जवळ यायला आणि झडती घ्यायला घाबरत. समाजाने ज्या शरीराला शिवू नये असे ठरवले, त्याच शरीरावर, पाठीला चिकटवून, तिने 1945 मध्ये सुरुंगांचा नकाशा मनिलाहून अमेरिकन फौजेपर्यंत पोहोचवला. 1948 मध्ये तिला 'मेडल ऑफ फ्रीडम' मिळाले. उपचारासाठी अमेरिकेत गेली, तेव्हा तिची रवानगी लुइझियानातल्या कुष्ठरुग्णालयात झाली. पुढे ती नाव बदलून जगली. शौर्य मान्य झाले, पण कलंक पुसला गेला नाही.

आणि हुक? मध्य लुझोनच्या कुळांनी आणि शेतमजुरांनी 29 मार्च 1942 रोजी 'हुकबालाहाप' उभारले. ते जपान्यांशी लढले आणि त्यांच्याशी हातमिळवणी करणाऱ्या जमीनदारांशीही. युद्ध संपता संपता त्यांची शस्त्रे काढून घेतली गेली, त्यांचा नेता लुइस तारुक तुरुंगात गेला. जमिनीचा प्रश्न विचारणारा गनीम कोणालाच नको होता.

याउलट फर्डिनांड मार्कोस. 'महारलिका' नावाच्या मोठ्या गनिमी फौजेचे नेतृत्व केल्याचा दावा त्याने आयुष्यभर मिरवला. अमेरिकन लष्कराने हा दावा युद्धानंतर लगेचच बनावट ठरवला होता. ती कागदपत्रे 1986 मध्ये जगासमोर आली. म्हणजे इतिहासात अशीही माणसे असतात, ज्यांनी कोणी न दिलेली भूमिका स्वतःच घेतली. म्हणूनच हुबेहूब गणवेशाला मी पुरावा मानत नाही.

युद्ध म्हणजे खेळ नव्हे, बंदुका घेऊन मिरवू नका, असा आक्षेप काहीजण घेतात. त्यात तथ्य आहे. पण गरिबांच्या लढ्याची दप्तरे फारशी नसतात. युद्धानंतर अडीच लाखांहून अधिक गनिमांना मान्यता मिळाली, ती याद्या आणि कागद तपासून. ज्यांची नावे कागदावर नव्हती, त्यांची आठवण हावभावात, हत्यारात, वाटेत आणि पुलावर राहते. समाजशास्त्र शिकताना मॉरिस हाल्बवाक्स वाचला होता. आठवण एकट्या माणसाची नसते, समूह तिला आकार देतो, हे त्याचे सूत्र इथे पटते. म्हणून सादरीकरण बंद करू नका, त्याची पात्रयोजना बदला.

आणि शेवटचा प्रवेशही बदला. नाटक विजयाच्या झेंड्यावर थांबते. खरी कथा 18 फेब्रुवारी 1946 ला पोहोचते. अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे, त्यांत मान्यताप्राप्त गनीमही आले, माजी सैनिक म्हणून मिळणारे हक्क त्या दिवशी कायद्याने काढून घेतले गेले. 2009 मध्ये एकरकमी भरपाई आली : अमेरिकन नागरिक असलेल्यांना 15,000 डॉलर, नसलेल्यांना 9,000. तोवर त्यांतले बहुतेक मरून गेले होते. एक टेबल, एक कागद, सही करणारा हात आणि समोर रांगेत उभे म्हातारे गनीम. हा प्रवेश वठवायला खर्च काहीच नाही. तो टाळला जातो, कारण त्यात टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हे प्रेक्षकाला ठरवावे लागते.