तरतूद, तूट आणि एकल स्त्री

राज्याचा अर्थसंकल्प म्हणजे येत्या आर्थिक वर्षात सरकारच्या तिजोरीत किती पैसा येईल आणि तो कोणत्या कामांवर खर्ची पडेल, याचे विधिमंडळापुढे मांडले जाणारे विवरण होय. परंतु ज्यांच्या नावाने त्यातील तरतुदी होतात त्यांच्यापर्यंत तो शासन निर्णय, अर्ज, दाखले आणि बँकेतील हप्ता याच रूपांनी पोहोचतो. विधवा, परित्यक्ता आणि प्रौढ अविवाहित स्त्रिया, म्हणजेच ज्यांना एकत्रितपणे एकल महिला म्हटले जाते, त्यांच्यात मराठवाड्यातील एका तालुक्यात बरीच वर्षे काम करणाऱ्या प्रस्तुत लेखिकेला 2024 च्या जुलैपासून या विवरणाचे खालचे टोक फार जवळून पाहायला मिळाले, आणि पुढील निवेदन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

28 जून 2024 रोजी मांडलेल्या अतिरिक्त अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली, तेव्हा अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र स्त्रियांना दरमहा 1,500 रुपये आणि त्यासाठी वर्षाला 46,000 कोटी रुपये असे तिचे स्वरूप सांगितले गेले. घोषणेनंतरच्या पहिल्या दिवसांत उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला यांसाठी सेतू केंद्रांवर रांगा लागल्या. पुढे 3 जुलैच्या सुधारित निर्णयाने पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर उत्पन्नाचा दाखला माफ झाला आणि अधिवासासाठीही अन्य जुने पुरावे चालू लागले, परंतु तोवर अनेकींनी पेरणीच्या दिवसांतली मजुरी बुडवली होती. ऑगस्टच्या मध्यावर दोन महिन्यांचे 3,000 रुपये एकदम जमा झाले, आणि आपले आधार कोणत्या बँकेच्या खात्याशी जोडलेले आहे हे कित्येक जणींना त्याच दिवशी पहिल्यांदा कळले. या पैशाला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. ज्या स्त्रीच्या हातात स्वतःच्या नावाने कधीच काही पडले नव्हते, तिने त्यातून दुकानदाराची उधारी फेडली, सासूच्या गोळ्या आणल्या, मुलीच्या शाळेचा गणवेश शिवून घेतला, आणि हे खर्च तिने कोणालाही न विचारता केले.

तथापि याच रांगांमध्ये एक विसंगती उघडी पडली, आणि ती आजही कायम आहे. निराधारांसाठी 1980 पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही विधवेला दरमहा 1,500 रुपयेच मिळतात, मात्र त्यासाठी तिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचे सिद्ध करावे लागते, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. नवरा कमावता आहे, घरात वर्षाला अडीच लाख येतात, त्या घरातील स्त्रीला तीच रक्कम मिळते. शिवाय दुसऱ्या शासकीय योजनेतून तेवढेच किंवा अधिक पैसे घेणारी स्त्री नव्या योजनेस अपात्र ठरते, त्यामुळे जिची गरज सर्वांत मोठी, तिच्या पदरात नव्या योजनेचा एक रुपयाही पडला नाही. आम्हा विधवांसाठी वेगळे काय आले, असे एकल महिलांच्या संघटनेच्या बैठकीत विचारले गेले, तेव्हा त्याला उत्तर नव्हते.

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधार क्रमांकाच्या आधारे लाभार्थीची ऑनलाइन पडताळणी, सक्तीची झाली. पडताळणीची गरज नाकारता येत नाही, कारण चौदा हजारांहून अधिक पुरुषांनीही हे हप्ते उचलल्याचे तोवर उघड झाले होते; पण पडताळणी कशी करायची हे ठरवताना एकल स्त्री कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. स्वतःच्या आधारानंतर पडद्यावर पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक मागितला जाई आणि त्या क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जाई. वडील वारलेले आणि पतीने दुसरा संसार थाटलेला, अशा एका चाळिशीच्या स्त्रीला भावाच्या घरच्या ओसरीवर अंगणवाडी सेविकेचा फोन हातात घेऊन बसलेले लेखिकेने पाहिले. ओटीपी सांगण्यासाठी पतीने काय मागितले ते तिने हळू आवाजात सांगितले, आणि मग फोन परत केला. पुढे मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली आणि मुदतही वाढली, परंतु न्यायालयाची पायरी कधीच न चढलेल्या परित्यक्तेकडे यांपैकी कोणताच कागद नसतो, आणि लेखिकेच्या पाहण्यातील बहुतेक परित्यक्ता अशाच आहेत.

आता अर्थसंकल्पाच्या वरच्या टोकाकडे वळता येईल. अतिरिक्त अर्थसंकल्पाला दोन आठवडेही झाले नव्हते तोच जुलै 2024 मध्ये 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ तरतुदीत न बसणाऱ्या खर्चासाठी मागितलेली वाढीव मंजुरी, सभागृहात आल्या आणि त्यांत या एकाच योजनेचे 25,000 कोटी होते. इतकी मोठी जबाबदारी मूळ अर्थसंकल्पात पुरत्या तरतुदीनिशी न येता मागाहून येते, याचा अर्थ तिच्या खर्चाचा विचार घोषणेनंतर झाला. मार्च 2025 मध्ये मांडलेल्या सुमारे सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे नित्याच्या खर्चाला नित्याचे उत्पन्न जेवढे कमी पडते ती रक्कम, 45,891 कोटी रुपये दाखवली गेली आणि योजनेची तरतूद 36,000 कोटींवर आली. हप्ता दरमहा 2,100 रुपये करण्याच्या निवडणुकीतील आश्वासनाला त्यात जागा नव्हती.

त्याच वर्षी मे महिन्यात हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे 336 कोटी रुपये वळवण्यात आले, आणि सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांतील लाडक्या बहिणींनाच मिळतो, असे समर्थन केले गेले, पण ते टिकणारे नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राने सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर आदिवासी उपयोजनेसाठी स्वीकारली, ती सर्वांना मिळणाऱ्या लाभाच्या जोडीला काही अधिक मिळावे यासाठी. सर्वसाधारण लाभच त्या निधीतून दिला, तर अधिक काहीच उरत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सामाजिक न्याय विभागाच्या स्वाधार योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये मिळतात. संघटनेतील एका विधवेची मुलगी त्या रकमेवर भाड्याच्या खोलीत राहून शिकते. रक्कम रखडली, तेव्हा आईने स्वतःच्या निराधार अनुदानातून तिच्या खाणावळीचे पैसे भरले. या उशिराचा वळवलेल्या निधीशी थेट संबंध सिद्ध करता येत नाही, मात्र तूट आली की पहिला हात कोणत्या निधीवर पडतो, हे त्या मे महिन्यात दिसून आले.

याच राज्याने याहून विचारपूर्वक काम पूर्वी केलेले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, त्यात राज्याने तेवढीच भर घालायची असे ठरले आणि 1977 च्या कायद्याने कामाचा हक्क मजुराला मिळाला, म्हणजे हक्क आणि त्याची पुंजी एकमेकांना बांधली गेली. लाडकी बहीण योजनेमागे ना स्वतंत्र कर आहे ना कायदा. ती शासन निर्णयाने आली आणि शासन निर्णयानेच तिच्या अटी बदलतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांचा निधी अन्यत्र वळवण्याला आळा घालणारे कायदे आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी 2013 मध्ये केले. कर्नाटकात त्यानंतरही हा निधी तेथील सरकारच्या ‘गॅरंटी’ योजनांकडे गेला, त्यामुळे केवळ कायदा पुरेसा नाही हे मान्य केले तरी त्या राज्यात निदान कोणते कलम मोडले हे विचारता येते. महाराष्ट्रातील एकल महिलांच्या संघटनांनी निराधार योजनेची 21,000 रुपयांची मर्यादा वाढवण्याबरोबरच अशा कायद्याचीही मागणी लावून धरली पाहिजे, कारण खाणावळीचे पैसे भरणाऱ्या त्या विधवेचे अनुदान आणि तिच्या मुलीचे शिक्षण हे दोन्ही अखेर एकाच विभागाच्या तरतुदीवर अवलंबून आहेत.