पुरावा आहे, पण जुन्या नावाखाली

'पुरावा दाखवा!' चळवळीचा इतिहास सांगायला लागलो की समोरून हा प्रश्न हमखास येतो. येऊ द्या. बाबासाहेबांनीही प्रत्येक मांडणी पुराव्यावरच उभी केली.

म्हणून आम्ही काही कार्यकर्ते आणि विद्यार्थी सवड काढून विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसतो. संगणकावरच्या सूचीत 'दलित' टाकले की ढीगभर पुस्तके येतात, पण बहुतेक गेल्या चार-पाच दशकांतली. १९२०-३० चे मूळ कागद कुठे गेले? ते तिथेच आहेत. तेव्हाच्या सरकारी कागदांत आम्ही 'डिप्रेस्ड क्लासेस' होतो, 'अनटचेबल्स' होतो. जी नावे आम्ही झुगारून दिली, त्याच नावांनी विचारल्याशिवाय सूची तोंड उघडत नाही.

केवळ लेखकाच्या नावावरही विसंबू नका. १९३० चा स्टार्ट समितीचा अहवाल घ्या. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते, पण असे अहवाल सहसा सरकारच्या नावावर नोंदलेले असतात. तिथे 'मुंबई इलाखा' असे इंग्रजीत शोधावे लागते. नियतकालिकांची तऱ्हा आणखी वेगळी. 'मूकनायक' आपण रोमनमध्ये दोन 'ओ' घालून लिहितो, ग्रंथालये 'यू' घालतात. दोन्ही करून पाहा. विषयाच्या रकान्यात 'सोर्सेस' असा शब्द दिसला, तर तिथे मूळ साधने असण्याची शक्यता मोठी.

एवढा खटाटोप कशासाठी? महाडचा सत्याग्रह म्हणजे भावनेचा उद्रेक होता, असे आजही कुणी ऐकवतो. त्याच्यापुढे मुंबई कायदेमंडळाची कार्यवाही ठेवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, तसेच सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी साडेतीन वर्षे कागदावर पडून असलेला हक्क बजावला. मग कायदा कोण मोडत होते? पाणी पिणारे, की त्यांच्यावर लाठ्या चालवणारे?

हा प्रश्न ऐकीव माहितीवर विचारला तर उडवून लावतात. खंड, तारीख आणि पान सांगून विचारला की गप्प बसतात. तेव्हा बांधवांनो, जयंतीच्या वर्गणीतून चार पैसे झेरॉक्ससाठी बाजूला काढा. पोरांना सूची वाचायला शिकवा.

जय भीम!