सर्व्हर डाऊन नव्हता, कार्ड झोपलं होतं

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

आपल्या तालुक्यात हे वाक्य ऐकलेलं नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. आज या वाक्याचीच थोडी चौकशी करू. पोस्ट लांब आहे, मध्ये मध्ये तांत्रिकही आहे. पण जूनमध्ये दाखल्यांच्या रांगेत उभं राहावं लागणाऱ्यांनी, आणि विशेषतः खिडकीच्या आत बसणाऱ्यांनी, शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

निकाल लागले की उत्पन्न, रहिवास, जात, नॉन क्रीमिलेअर या दाखल्यांसाठी झुंबड उडते. बातमीसाठी मी एका दाखले केंद्रावर लागोपाठ तीन दुपारी बसलो. कुठलं केंद्र ते लिहीत नाही, कारण दोष एका केंद्राचा नाही. आत तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर. मी वहीत फक्त वेळा लिहीत होतो. सकाळी सव्वादहा ते दीड, काम व्यवस्थित. दीड ते सव्वादोन जेवणाची सुट्टी. सव्वादोनला दोन नंबर आणि तीन नंबरच्या टेबलावर "सर्व्हर डाऊन". एक नंबरच्या टेबलावर मात्र काम चालू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता मला सांगा, मुंबई-पुण्याकडचा सर्व्हर आमच्या केंद्राची जेवणाची वेळ पाहून पडतो का? आणि पडलाच तर एका टेबलाला सोडून कसा पडतो?

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे तीच वेबसाइट त्याच मिनिटाला उघडत होती. परत येऊन पाहिलं, तर एक नंबरचे भाऊ डबा टेबलावरच खातात. एका हातात पोळी, दुसरा हात माउसवर. केंद्रात सगळे म्हणतात, त्यांचा कॉम्प्युटर लकी आहे. लकी वगैरे काही नाही. त्यांचा कॉम्प्युटर दुपारी झोपतच नाही, एवढंच. बाकीचे दोन अर्धा तास कुणी हात लावला नाही की स्लीप मोडमध्ये जातात. उठतात तेव्हा पडदा उजळतो, पासवर्ड मागतात, सगळं ठणठणीत दिसतं. फक्त घड्याळाशेजारचं नेटचं चिन्ह बदललेलं असतं. त्याकडे कोण बघतो? वेबसाइट उघडत नाही म्हणजे सर्व्हर डाऊन.

हे माझ्या लगेच लक्षात आलं याचं कारण साधं आहे. माझ्या घरच्या डेस्कटॉपनं दोन वर्षांपूर्वी हाच खेळ केला होता. संध्याकाळी पान पाठवायची वेळ आणि नेट गायब. त्या वेळी केबल बदलून झाली, राउटर बदलून झाला, एका दुकानदारानं तर "मदरबोर्ड गेलाय" असंही ठणकावून सांगितलं. मदरबोर्ड आजही तोच आहे.

होतं काय ते सांगतो. स्लीप म्हणजे कॉम्प्युटर बंद होणं नव्हे. चालू असलेलं काम मेमरीत तसंच राहतं, मेमरीला थोडी वीज मिळत राहते आणि बाकीच्या बहुतेक भागांची वीज कमी होते किंवा तुटते. कुणी कधी झोपायचं, कुणी कुणाला उठवायचं याचे नियम ठरलेले आहेत. एसीपीआय नावाचं हे प्रमाण १९९६ मध्ये आलं. त्यानुसार नेटवर्क कार्डसुद्धा झोपतं. उठताना क्रम असा: कार्डाला पूर्ण वीज मिळायची, मग ड्रायव्हरनं (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं) त्याला पुन्हा कामाला लावायचं, मग कार्डानं पलीकडच्या स्विचशी वेग ठरवायचा, मग राउटरकडून पत्ता घ्यायचा. यातली एक पायरी चुकली की घरातले सगळे उठले, चहा झाला, आणि मागच्या खोलीतला पाहुणा झोपलेलाच राहिला अशी गत. बहुतेक वेळा कार्ड खराब नसतं. जुना ड्रायव्हर, जुना बायोस किंवा वीज वाचवण्याची एखादी सेटिंग, यांचं आपसात जमत नसतं.

आता यातली सगळ्यांना चकवणारी गोष्ट. दोन नंबरच्या ताई मला म्हणाल्या, "दादा, मी पूर्ण बंद करून चालू केला, तरी नाही होत." त्या खरं बोलत होत्या. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावरही विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि चालू करताना तीच परत उचलते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर कधी कधी अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, तिथे सगळं नव्यानं सुरू होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण अशा वेळी शट डाऊनपेक्षा रीस्टार्ट जास्त पक्का. ताईंना रीस्टार्ट करायला सांगितलं. नेट आलं. फक्त नंतर स्कॅनर, बोटाच्या ठशाचं यंत्र, लॉगिन हे सगळं परत जुळवण्यात पंचवीस मिनिटं गेली, आणि रांगेतले चार जण तेवढ्यात निघून गेले होते.

रोज रीस्टार्ट हा काही इलाज नव्हे. नेमकी खोट कुठे आहे ते शोधायची एक सोपी परीक्षा आहे. झोपेतून उठल्यावर नेट नसेल तर आधी मागे वाकून केबलच्या पोर्टवरचा छोटा दिवा बघा. मग नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडून त्या कार्डावर राइट क्लिक करा, डिसेबल करा, दहा सेकंद थांबा, एनेबल करा. एवढ्यानं नेट आलं तर केबल, स्विच, राउटर, नेटवाली कंपनी आणि तो बिचारा सर्व्हर, सगळे निर्दोष सुटले. भांडण कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यातलं आहे. दिवा चालू आहे पण पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा दिसतोय, तर कार्ड जागं आहे पण राउटरकडून त्याला पत्ता मिळालेला नाही. तेव्हा राउटरकडेही बघावं लागतं. आणि डिव्हाइस मॅनेजरच्या यादीतून कार्डच गायब असेल, तर कॉम्प्युटर बंद करून भिंतीतली पिन काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. आत उरलेली वीज निघून जाते आणि बऱ्याचदा कार्ड परत दिसतं. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे तिथे नुसती पिन काढून भागत नाही.

खोट कार्डाची आहे हे कळलं की डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स, आपलं कार्ड, प्रॉपर्टीज, आणि पॉवर मॅनेजमेंट. तिथे पहिल्याच ओळीचा अर्थ असा, की वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरला हे कार्ड बंद करू द्या. तिच्यासमोरची बरोबरची खूण काढायची. माझ्या डेस्कटॉपचा आजार एवढ्यावर गेला. नाही गेला तर शेजारच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट, ग्रीन इथरनेट अशा नावाच्या वीज वाचवणाऱ्या गोष्टी बंद करून बघायच्या. त्यानंतर ड्रायव्हर. विंडोजनं स्वतःहून टाकलेला नव्हे, तर कॉम्प्युटर ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवरून त्याच मॉडेलचा घ्यायचा. बायोसचं अपडेट सगळ्यात शेवटी, आणि यूपीएस असेल तरच. आपल्याकडची वीज मध्येच गेली तर कॉम्प्युटर उठायचाच नाही. नव्या पद्धतीची स्लीप असलेल्या काही लॅपटॉपवर पॉवर मॅनेजमेंटचं पान दिसतच नाही, तिथे ड्रायव्हरपासूनच सुरुवात करावी लागते.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर स्लीपच बंद करा. पॉवरच्या सेटिंगमध्ये पडदा दहा मिनिटांनी बंद होऊ द्या, पण स्लीपसमोर नेव्हर ठेवा. फक्त उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून कुलूप लावा. सहीची डोंगल लावलेला कॉम्प्युटर उघडा ठेवून जेवायला जाणं बरं नव्हे. विजेचा खर्च म्हणाल तर हिशोब करू. रिकामा कॉम्प्युटर ५० वॅट खातो असं धरलं, तर वीस दुपारचे वीस तास मिळून एक युनिट. महिन्याला एक युनिट!

या एका युनिटच्या बदल्यात काय जातं ते मी त्या तीन दुपारी पाहिलं. बावीस किलोमीटरवरून एसटीनं आलेले एक बाप-लेक. मुलीला अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला हवा. बाप दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं जाणारा. पहिल्या दिवशी दोन वाजता पोचले, "उद्या या". दुसऱ्या दिवशी एसटी उशिरा आली, परत दोन. परत "उद्या या". मी विचारलं, सकाळी का येत नाही? म्हणाले, "साहेब, सकाळची गाडी बंद झालीय." दोन दिवसांची मजुरी, चार तिकिटं, आणि हातात कागद शून्य.

शून्य हा शब्द मुद्दाम लिहिला. २०१५ पासून आपल्याकडे लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण ती मुदत मोजायला सुरुवात होते पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. पोच आणि अर्ज क्रमांक मिळाला तर घड्याळ सुरू. "सर्व्हर डाऊन" म्हणून माणूस खिडकीवरूनच परत गेला, तर कायद्याच्या लेखी तो आलेलाच नाही. अपील कशाचं करणार? वरच्या अहवालात सगळे अर्ज मुदतीत निकाली, आणि ते खोटंही नसतं. परत पाठवलेल्या माणसांचा रकाना त्या अहवालात नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

ताईंवर राग काढू नका. त्या कंत्राटी. ती एक खूण काढायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, तो त्यांच्याकडे नाही. तो आहे जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या, देखभालीचं कंत्राट असलेल्या माणसाकडे. त्याला फोन केला की तो म्हणतो, "रीस्टार्ट करा." ते केल्यावर चालतं, तक्रार मिटली म्हणून नोंदवली जाते. दुसऱ्या दिवशी नवी तक्रार, तेच उत्तर. दरम्यान केंद्रानं नवे कॉम्प्युटर मागण्याचा प्रस्ताव पाठवलेला आहे. नवा कॉम्प्युटर आला आणि त्यातही स्लीप अर्ध्या तासावर असली, तर?

मी बातमी लिहिण्याआधी तीन दिवसांच्या वेळांचा कागद केंद्रप्रमुखांना दिला. त्यांनी तो पुढे पाठवला. पाचव्या दिवशी कंत्राटदाराचा मुलगा मोटारसायकलवरून आला. दोन नंबरवरची खूण काढली, तीन नंबरवर ते पानच दिसेना म्हणून तिथली स्लीप बंद केली. एकूण अकरा मिनिटं, मी घड्याळ लावून बसलो होतो. पोरगं हुशार आहे. म्हणालं, "सर, मला कुणी कधी सांगितलंच नाही की जेवणानंतर होतं म्हणून. मला फक्त नेट नाही एवढंच कळायचं."

त्या मुलीचा अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी दाखल झाला. पोच मी स्वतः पाहिली.

तेव्हापासून आठ कामाचे दिवस झाले. सात दुपारी दोन्ही टेबलं चालली. एका दिवशी तिन्ही बंद. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडेही साइट उघडेना, माझ्या मोबाइलवरही नाही. त्या दिवशी सर्व्हर खरंच डाऊन होता, आणि ताईंनी दाराबाहेर तसा कागद वेळ टाकून चिकटवला होता.

तुमच्या गावच्या केंद्रावर, बँकेत, सोसायटीत कुणी परत पाठवलं तर तीन गोष्टी टिपून मला कळवा: वाजले किती होते, शेजारच्या टेबलावर काम चालू होतं का, आणि तुमच्या मोबाइलवर तीच साइट उघडत होती का. यादी मोठी झाली की ती घेऊन जिल्ह्याला जायचं ठरवलं आहे.