दिवा विझला, हवा भरलीच नाही



आमच्या उकव्यात डिसेंबरची थंडी चांगलीच लागते. आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे दोन म्हाताऱ्या मावश्यांना घेऊन चर्चला निघालो. किल्ली फिरवली आणि समोर एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. चाकात हवा कमी आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण मिस्साची वेळ झाली होती आणि पहिलं वाचन आमच्याकडेच होतं. स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं. दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि विझला.

मावशी म्हणाल्या, "झालं का ठीक?"

आम्ही म्हणालो, "झालं."

दहा-बारा दिवसांनी नाताळ आला. त्या दिवशी आम्ही थोरल्या दादांना फोन केला. तीन वर्षं बोलणं जवळजवळ बंद होतं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचा सगळा खर्च दादांनी एकट्यानं केला होता. अर्धा आमचा होता. देऊ, देऊ म्हणत आम्ही दिला नाही आणि मग लाजेनं जाणंही टाळलं. फोनवर म्हणालो, "दादा, चुकलं आमचं. नाताळ आहे, सगळं विसरून जा." दादा म्हणाले, "असू दे रे." आम्हाला फार हलकं वाटलं.

जानेवारीत एका मावशीला डोळे दाखवायला बालाघाटला नेत होतो. घाट उतरताना गाडी मागून डोलल्यासारखी वाटू लागली. दिवा तर लागला नव्हता, म्हणून आम्ही रस्त्यालाच दोष दिला. भरवेलीजवळ पंक्चरच्या दुकानाशी थांबलो. त्या भाऊंनी मीटर लावला. तीन चाकं ठीक होती. मागच्या डाव्या चाकात ३३ पीएसआय हवी, तिथं २० होती. टायरमध्ये बारीक खिळा होता.

"भाऊ, मग दिवा का नाही लागला?" आम्ही विचारलं. बटणाची गोष्ट सांगितली, तसे ते हसले. "ताई, तुम्ही दिवा विझवला. हवा कुठं भरली?"

मग त्यांनी समजावलं. आमच्यासारख्या गाडीत चाकात वेगळं यंत्र नसतं. ब्रेकच्या एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाक किती वेगानं फिरतंय ते मोजतात. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा जास्त फिरतं. त्यावरून गाडी ओळखते. बटण दाबणं म्हणजे गाडीला सांगणं, की "आत्ता आहे तेच बरोबर, हेच लक्षात ठेव." आम्ही कमी हवेलाच बरोबर ठरवलं होतं. बिचारी गाडी गप्प बसली.

अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला असा दिवा सक्तीचा आहे. हवा ठरलेल्यापेक्षा २५ टक्के कमी झाली की तो लागलाच पाहिजे. म्हणजे दिवा लागतो तेव्हाच उशीर झालेला असतो. थंडीनंही हवा उतरते, तापमान पाच-सहा अंशांनी घसरलं की साधारण एक पीएसआय. म्हणून क्रम असा: गाडी काही तास उभी राहून टायर थंड झालेले असावेत. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा बघावा. चारही चाकं तपासून तेवढी हवा भरावी, पंक्चर असेल तर काढावं. त्यानंतर गाडी उभी असतानाच बटण दाबावं. काही गाड्यांत ते पडद्यावरच्या मेन्यूत असतं. मग थोडा वेळ गाडी चालवावी, म्हणजे ती नव्यानं शिकते. ज्या गाड्यांच्या चाकांत स्वतंत्र सेन्सर असतात, त्यांत हवा भरून थोडं चाललं की बहुतेकदा दिवा आपोआप जातो.

परतीच्या वाटेवर घाट चढताना आम्ही दोघं बोललो नाही. दोघांच्याही मनात दादांचा फोन होता. आम्ही क्षमा मागितली नव्हती, बटण दाबलं होतं. जक्कय आठवला. झाडावरून उतरल्यावर त्यानं नुसतं "चुकलं" म्हटलं नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देण्याचं बोलला. आणि पापनिवेदनाला आम्ही वर्षानुवर्षं जातो, पण तिथून उठल्यावर कुणाचं काय देणं आहे ते किती वेळा मोजलं?

फेब्रुवारीत आम्ही दादांकडे गेलो. सगळी रक्कम जमली नव्हती. निम्मी नेली, उरलेली कधी देऊ ते सांगितलं. दादांनी पाकीट उघडलंही नाही. म्हणाले, "पैशाचं नव्हतं रे. बाबांना काय झालं, कसं झालं, तुम्ही एकदाही विचारलं नाही." मग त्या रात्री आम्ही विचारलं. उशिरापर्यंत ते सांगत राहिले.

अजून सगळं सुरळीत नाही. वहिनी मोजकंच बोलतात. पण आता दर रविवारी फोन होतो. भाऊ म्हणाले तसं, हवा भरल्यावरही थोडं चालावं लागतं.

प्रिय भावंडांनो, तुमच्याही मनात एखादा पिवळा दिवा लागला असेल, तर घाईनं विझवू नका. आधी खाली उतरून चाक बघा.

हे प्रभू, आमच्या मनाची टोचणी आम्ही गप्प करू नये, असं कर. जिथं उणं आहे तिथं भरण्याची हिंमत दे, आणि मगच आम्हाला शांती दे. आमेन.