नजमाच्या साळुंक्या आणि विमानातलं घरटं

दोह्याला पाहुणे आले की आम्ही त्यांना कॉर्निश दाखवतो, सूक वाकिफ दाखवतो. आमचं नजमा बघायला मात्र कुणी येत नाही! नजमा म्हणजे अरबीत तारा. सी रिंग रोडला लागून असलेली ही जुनी, दाटीची वस्ती. इथे जुन्या सामानाचा हराज बाजार आहे. आपल्या मराठीतला 'हर्रास' तो हाच. जवळच जुना विमानतळ. २०१४ साली हमाद विमानतळ सुरू झाला आणि इथली वर्दळ ओसरली. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तो पुन्हा उघडला.

नजमात आपल्या ओळखीचं कुणी हमखास भेटतं, ते म्हणजे साळुंकी. पिवळी चोच, पिवळे पाय, तोच कलकलाट. ही मूळची आपल्याकडची, आमच्यासारखीच इथे येऊन रमलेली. पण इथल्या पाखरांना तिचा जाच होतो म्हणून सरकारने गेल्या काही वर्षांत पिंजरे लावून हजारो साळुंक्या पकडल्या. तिला घरट्यासाठी भोक लागतं. एसीमागची फट दिसली की काड्या, चिंध्या, प्लास्टिक, जे मिळेल ते कोंबायला सुरुवात!

खिडकीतलं घरटं फार तर एसी बंद पाडील. पण छोट्या विमानाचं तसं नाही. आपल्यातल्या कित्येकांची मुलं बारामतीला, गोंदियाला विमान चालवायला शिकतात. दोह्यातही १९७७ पासून विमानविद्येची संस्था आहे. अशा मुलांच्या आईवडिलांनी हे जरूर वाचावं.

छोट्या विमानाचं इंजिन बहुधा वाऱ्यानेच थंड होतं. पंख्यामागे दोन तोंडं असतात, त्यातून वारा आत शिरून सिलिंडरांवरून जातो. पाखराला ही तोंडं म्हणजे आयती ढोली! सावली आहे, आडोसा आहे, नुकतंच उतरलेलं विमान असेल तर ऊबही आहे. आत गवत साचलं की वारा अडतो, इंजिन तापतं आणि वाळक्या काड्या गरम नळ्यांना लागून पेटूही शकतात. शेपटीच्या पोकळीत घरटं झालं तर सुकाणूच्या तारा अडकण्याची भीती.

म्हणून उडण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारायची. टॉर्च घेऊन प्रत्येक तोंडात बघायचं, शेपटीत बघायचं, पंखांच्या फटीत बघायचं. जमिनीवर काडी पडलीय का, पंख्यावर विष्ठा आहे का, हेही पाहायचं. आणि सकाळी पाहिलं म्हणून दुपारी सोडायचं नाही, बरं का! पाखरं दोन-चार तासांत ओंजळभर गवत आणून टाकतात. विमान उभं असताना तोंडांना बोळे लावतात, त्यांना लाल फिती असतात, म्हणजे ते काढायचं विसरत नाही.

मोठी विमानंही यातून सुटलेली नाहीत. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. वेग मोजणारी एक नळी बुजली होती. विमान बरेच दिवस उभं होतं, नळीवर टोपण नव्हतं. बहुधा कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलं असावं, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. २०२० मध्ये करोनामुळे जगभर विमानं उभी राहिली, तेव्हा याच नळ्यांबद्दल पुन्हा इशारे द्यावे लागले.

पाखराचा यात काय दोष? त्याला भोक दिसलं, त्याने संसार मांडला. अंडी घातल्यावर घरटं काढायचं म्हणजे आपल्याच जिवावर येतं. त्यापेक्षा तोंड आधीच बंद केलेलं बरं. वैमानिकाला बोळा, आम्हा नजमाकरांना एसीमागची जाळी.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी दोह्याला आलात तर एक संध्याकाळ नजमासाठी राखून ठेवा. साळुंक्या दाखवू, चहा पाजू. आणि घरात कुणी वैमानिक होणार असेल, तर त्याच्या सामानात एक चांगली टॉर्च आठवणीने घाला.