एका डोळ्याची राणी

शूर राणी म्हटली की ती रूपवान हवी, घोड्यावर हवी आणि अखेरीस रणांगणावर पडायला हवी, अशी आपली एक गोड समजूत आहे. लढून, वर तह करून घरी परतलेल्या राणीचे नाटक कोण पाहायला जाणार?

मला आवडणारी राणी नेमकी तशी आहे. ती नाईलकाठच्या कुश देशाची, म्हणजे आजच्या सुदानातली. स्ट्रॅबो या ग्रीक लेखकाने तिचे वर्णन काय केले, तर बाई पुरुषी होती आणि एका डोळ्याने आंधळी होती! मुलगी पाहून परतणारे पाहुणे बैलगाडीत असेच बोलत असतील.

इ. स. पूर्व ३० मध्ये रोमने इजिप्त गिळले आणि रोमची सरहद्द कुशच्या दाराशी आली. पाचएक वर्षांनी, रोमन फौजेचा काही भाग अरबस्तानच्या स्वारीवर गेलेला असताना, कुशच्या सैन्याने आस्वान, एलिफंटाईन आणि फिली ही ठाणी मारली व सम्राट ऑगस्टसचे पुतळे उचलून नेले. सुभेदार पेट्रोनियस चालून आला. त्याने नापाता शहर उद्ध्वस्त केले, माणसे गुलाम केली, प्रिमिसच्या किल्ल्यात ४०० शिपाई आणि २ वर्षांची रसद ठेवली आणि तो परतला. झाले, संपले, असे त्याला वाटले असेल. पण राणी पुन्हा फौज घेऊन त्याच किल्ल्यावर आली!

पेट्रोनियस धावत आला, तेव्हा तिने वकील पाठवले. “सीझरकडे जा,” असे त्यांना सांगण्यात आले. सीझर कोण आणि तो राहतो कुठे, हे आम्हांला ठाऊक नाही, असे ते म्हणाले. अखेर सामोस बेटावर ऑगस्टसने त्यांचे मागणे मान्य केले. लादलेली खंडणीसुद्धा माफ केली.

१९१० साली मेरोई येथे गार्स्टँग या संशोधकाला एका देवळाच्या पायऱ्यांखाली ऑगस्टसचे ब्राँझचे मस्तक सापडले. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय त्यावर पडावेत म्हणून ते तिथे पुरले, असे अभ्यासक मानतात. आणि पुरले म्हणूनच ते टिकले! त्याचे जडवलेले डोळे आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये टक लावून पाहत असतात.

हे वर्गात सांगत होते, तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, पण तिचं नाव काय?”

रोमनांनी तिला ‘कँडेस’ म्हटले. पण ती कुशमधल्या राजस्त्रीची पदवी. ‘राणीसाहेब’ हेच कुणी नाव समजावे, तसे. ती अमानिरेनास असावी, असे अभ्यासक म्हणतात. तिच्या लोकांचे शिलालेख आहेत. त्यांची अक्षरे वाचता येतात, पण भाषा अजून पुरती उलगडलेली नाही. तिची बाजू दगडात आहे; आपल्या कानी येते ती शत्रूची.

मला माझी आजी आठवली. सारे गाव तिला ‘वैनी’ म्हणे. कागदावर तिचे सासरचे नाव; माहेरचे कोणते, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. तिच्या हातचे एक अक्षर नाही. आमच्या ट्रंकेत आहे तो सावकाराच्या कारकुनाने लिहिलेला एक जुना कागद: ‘सदर बाई उद्धट असून तिने अंगठा देण्याचे नाकारले.’

त्या नकारामुळे शेत राहिले. त्या शेतावर माझे वडील शिकले आणि मी शाळेत गेले. तेव्हा ‘उद्धट’ या शब्दाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते, स्ट्रॅबोच्या ‘पुरुषी’कडेही.

त्या मुलीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पणजीचे नाव वहीत लिहून घेऊन आली. घरात ते फक्त एका म्हाताऱ्या आत्याला ठाऊक होते.