मिश्रीला मुंब्र्याला आणलं

माझं माहेर शिराळा. बत्तीस शिराळा म्हटलं की मुंब्र्यातल्या शेजारणी लगेच विचारतात, "ते नागांचं गाव?" होय, तेच. पण आमच्या घरात नागापेक्षा मांजराला मान जास्त. आमचा भाग भाताचा. सुगी झाली की अम्मीच्या माजघरात पोत्यांची थप्पी लागते. पोत्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे जे यायचं ते येतं. म्हणून मला आठवतंय तेव्हापासून अम्मीचं घर बिनमांजराचं कधी नव्हतं. रात्री दार लावताना ती आधी मांजर आत आहे का पाहते, मग कडी घालते.

दरवर्षी माळ्यावर कुठली तरी मांजरी विते आणि दरवर्षी माझी मुलगी म्हणते, "मम्मी, एक पिल्लू आपण नेऊ या ना." दोन वर्षांपूर्वी मी हो म्हटलं. त्या पिल्लाचं काय झालं हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. विचारलं तर "नाही जगलं" एवढंच सांगून विषय बदलते. खरं तर ते जगलं की नाही, हेच आम्हाला माहीत नाही.

मे महिना होता. मुलगी नऊ वर्षांची, पिल्लू दोन महिन्यांचं, पांढरंशुभ्र. आंब्याची रिकामी पुठ्ठ्याची पेटी घेतली, तिला चाकूने भोकं पाडली, वरून सुतळी बांधली. झाली तयारी! निघेपर्यंत नऊ वाजले. अम्मीने मायेपोटी वाटीभर दूध पाजलं. "इत्ती सी जान है, लांबचा प्रवास आहे, पोटभर पिऊ दे." पेठ नाक्याला हायवेला लागायच्या आत ते सगळं दूध पेटीत सांडलं होतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास, ऊन आणि पिल्लाचा आक्रोश. मांजर म्याव म्याव करतं हे आपण ऐकलेलं असतं. गाडीत घाबरलेलं पिल्लू जे ओरडतं ते म्याव नव्हे, ते लहान मुलाच्या रडण्यासारखं असतं.

कराड मागे पडलं. तासवड्याच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग होती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मम्मी, आपल्याला गुनाह लागेल ना? मांजराला कोंडलं म्हणून ती बाई जहन्नममध्ये गेली होती."

मक्तबमध्ये तिला ती हदीस शिकवली होती. मी काय बोलणार? मला स्वतःलाही ती तेवढीच माहीत होती. उंब्रजच्या पुढे आम्ही चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, दोन मिनिटं मोकळं करू, पाणी पाजू. सुतळी सोडली. गाडीचं पलीकडचं दार उघडं होतं, यांनी पाण्याची बाटली काढायला उघडलं होतं. मागून एक ट्रक जोराचा हॉर्न वाजवत गेला. माझ्या हातावर तीन ओरखडे उमटले आणि पिल्लू दाराबाहेर, रस्त्याकडेच्या चारीपलीकडे, उसात.

पुरुषभर उंच उभा ऊस. दीड तास आम्ही त्या बांधावरून हाका मारत फिरलो. चहाच्या टपरीवाल्या मावशीही आमच्याबरोबर फिरल्या, गिऱ्हाईक सोडून. झाकणात दूध ठेवलं, पेटी आडवी करून ठेवली. एकदा आवाज आल्यासारखा वाटला, मग तोही नाही. शेवटी मावशींकडे फोन नंबर दिला आणि निघालो. गाडीत मुलगी हुंदके देत होती आणि मी, थकलेली, रडवेली, तिच्याकडे वळून म्हणाले, "तूच म्हणालीस ना, कोंडू नको म्हणून?"

नऊ वर्षांच्या मुलीला मी हे म्हणाले. पुढे मुंब्र्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मावशींचा नंतर दोनदा फोन आला. एकदा त्यांना पांढरं मांजर दिसलं होतं, पण ते मोठं होतं, आमचं नव्हे.

नंतर कधीतरी ती हदीस मी नीट वाचली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या बाईने मांजराला बांधून ठेवलं, पण तिला खायला दिलं नाही, प्यायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खाऊन जगावं म्हणून सोडलंही नाही. मांजर उपाशी मेली. गुन्हा तो होता. आपण मुलांना हदीस सांगताना पहिला अर्धा भाग रंगवून सांगतो आणि दुसरा अर्धा घाईत गिळतो. माझ्या मुलीच्या वाट्याला तो पहिला अर्धा भागच आला होता. मांजरांविषयीच्या दुसऱ्या गोष्टी तिला कुणी सांगितल्याच नव्हत्या. ह. अबू हुरैरा (र.) या नावाचा अर्थच 'मांजराच्या पिल्लाचा बाप' असा आहे. ह. अबू कतादा (र.) वुजूला बसले असताना मांजर पाण्याजवळ आली, तर त्यांनी भांडं तिच्यासाठी तिरकं केलं. त्यांची सून बघत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितलं की, प्रेषितांनी (स.) मांजराला अपवित्र म्हटलेलं नाही, ती आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत हे आलं आहे.

भांडं तिरकं करणं ही दया आहे, हे कुणालाही पटतं. हायवेवर डब्याचं दार न उघडणं हीही दयाच, हे मला पटायला एक पिल्लू गमवावं लागलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा विषय निघाला. मुलीने काढला नव्हता. ती आता मागतच नव्हती. अम्मीनेच फोनवर सांगितलं की, मांजरीला तीन पिल्लं झालीत आणि त्यातली एक करड्या-तपकिरी रंगाची, अगदी मिश्रीसारखी आहे. अम्मी अजून मिश्री लावते, सांगूनही ऐकत नाही. तिने पिल्लाचं नाव मिश्रीच ठेवलं होतं. मुंब्र्यात सगळ्यांना ते ऐकून खडीसाखर वाटते, आम्हीही दुरुस्त करत नाही.

या खेपेला तयारी तीन आठवडे आधी सुरू झाली. मांजर नेण्याचा जाळीच्या दाराचा प्लास्टिकचा डबा घेऊन धाकट्या भावाबरोबर शिराळ्याला पाठवला. अम्मीला सांगितलं, डबा खाटेखाली ठेव, दार उघडं राहू दे, आत तुझी जुनी ओढणी घाल आणि मिश्रीचं खाणं त्यातच ठेव. अम्मी हसली. "मांजरीला सासरी पाठवायची रीत का ही?" पण केलं तिने. आठ दिवसांत मिश्री आपणहून त्यात झोपायला लागली. मग भावाने दार लावून डबा गाडीत ठेवला, नुसतं इंजिन चालू केलं, दुसऱ्या दिवशी नदीपर्यंत चक्कर मारली. मांजराला डबा आवडत नाही, कारण बहुतेक घरांत तो दवाखान्याच्या दिवशीच बाहेर निघतो. खाटेखालचा डबा तिच्यासाठी घरच होता.

पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर भावाने जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, जंताचं औषध आणि रेबीजची लस झाली. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्यात. एक, निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी मात्र द्यायचं. पोट रिकामं असलं की वळणावर उलटी होत नाही. इतकं लहान पिल्लू त्याहून फार वेळ उपाशीही ठेवायचं नाही. दुसरी गोष्ट शेजारच्या चाचींमुळे कळली. त्यांनी सुचवलं होतं की, माणसाची उलटीची नाहीतर तापाची गोळी पाव तुकडा दिली की पिल्लू गुमान झोपेल. डॉक्टर यावर चक्क रागावले. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपलं यकृत ते पचवून टाकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि एका गोळीतही जीव जाऊ शकतो. चाचींचा हेतू वाईट नव्हता. अम्मीच्या दुधाच्या वाटीचाही नव्हता.

फजरची नमाज पढून, सफरची दुआ म्हणून आम्ही सहाच्या आत निघालो. डबा पुढच्या सीटच्या मागे खाली, हलणार नाही असा घट्ट बसवला. सीटवर ठेवला तर जोरात ब्रेक लागताच तो पुढे फेकला जातो आणि मोकळं मांजर हमखास ड्रायव्हरच्या पायांत, ब्रेकखाली शिरतं. वरून पातळ चादर टाकली, हवेसाठी एक बाजू उघडी ठेवून. काळोख झाला की मांजर शांत होतं. टेप बंद.

मिश्री ओरडली नाही असं नाही. पेठ नाक्यापर्यंत ओरडली, कराडपर्यंत कुरकुरली. मुलगी डब्याशेजारी पाय वर घेऊन बसली होती, जाळीतून एक बोट आत घालून. मी तोंडाकडे लक्ष ठेवून होते. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते उन्हाचं किंवा भीतीचं फार वाईट लक्षण असतं, तेव्हा गाडी लगेच थांबवायची.

उंब्रज आलं तेव्हा यांनी न विचारताच गाडी बाजूला घेतली. तीच टपरी. मावशींनी ओळखलं. मुलीने आधी चारही काचा वर आहेत का पाहिलं, मग डब्याची कडी ओढून पाहिली, मग मला म्हणाली, "तुम्ही उतरा, मी गाडीत थांबते." यापुढेही वाटेत आम्ही आळीपाळीनेच उतरलो. बाहेर 35 अंश असेल तर उन्हात बंद उभ्या गाडीत अर्ध्या तासात 50 च्या वर जातं, म्हणून एक जण आत आणि एसी चालू.

मी मात्र उतरले नाही. रस्त्यापलीकडे त्या शेतात आता नवीन लागण होती, गुडघ्याएवढी. मी म्हटलं, "बेटा, त्या दिवशी पेटी मी उघडली होती. दार उघडं आहे हे मी बघायला हवं होतं. तुझी काही चूक नव्हती. मी तुला जे बोलले ते चूक होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला माहितेय," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तू बोलली होतीस." मी हो म्हटलं. मावशींनी काचेतून चहा दिला, डब्याकडे बघून विचारलं, "हे कोण?" मुलीने चादरीचं टोक वर केलं. दार नाही उघडलं.

पुढे सातारा, आनेवाडी. खंबाटकीचा बोगदा लागला आणि मिश्री, जी सातारच्या आधीच झोपली होती, त्या आवाजाने दचकून उठली. बोगद्यापुढच्या त्या बदनाम एस वळणावर यांनी गाडी इतकी सावकाश काढली की मागचे हॉर्न मारून थकले. उलटी झाली नाही. पुण्याची गर्दी, मग एक्स्प्रेस-वे. तिथे घाटात मी जाळीतून बोटांवर थोडं पाणी दिलं, तिने चाटलं. शी-शू तिने वाटेत केलीच नाही. त्यासाठी दार उघडायची वेळ आली तर गाडी पूर्ण बंद करून, काचा वर करूनच, असं ठरलं होतं. पण साडेतीनशे किलोमीटर तिने सगळं अडवून धरलं. भेदरलेली मांजरं असं करतात म्हणे.

घरी पोचलो तेव्हा जोहरची वेळ होती. चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणून खिडक्यांना जाळी आधीच मारून घेतली होती. डबा सगळ्यात लहान खोलीत ठेवला, शेजारी वाळूचा ट्रे आणि पाण्याची वाटी, खोलीचं दार लावून घेतलं. मग मुलीनेच डब्याची कडी काढली.

मिश्री बाहेर आली नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मुलगी फरशीवर आडवी पडून बघत होती, हाक मारत नव्हती. अम्मीचा फोन आला, पोचलात का म्हणून. मी सांगितलं, पोचलो, पण ती ओढणीत तोंड खुपसून बसलीय, येईना.

"राहू दे तिला," अम्मी म्हणाली. "तू आलीस का लगेच बाहेर, निकाह करून गेलीस तेव्हा? दोन दिवस खोलीतच होतीस. दार तेवढं उघडं ठेव."